बिनमिठाचा बाक्सो

दार्सैत, मस्कत, १० सप्टेंबर
हारूनभाईंच्या हाती

प्रेमा,

"मीठ सोडल्याशिवाय माका फोन करू नकात," असं तू मस्कतच्या विमानतळावर बजावून गेलीस. नाही करत फोन. पण पत्राबद्दल तू काही बोलली नव्हतीस, म्हणून हे लिहितोय. आता म्हणशील, हा माणूस पहिल्यापासून असाच, पळवाट काढणारा. म्हण बापडी. तू तिकडे रेडीच्या ओटीवर बसून काहीतरी म्हणतेयस, एवढं नुसतं मनात आणलं तरी मला इथे जरा बरं वाटतं.

गणपती पाण्यात गेले तरी तुझ्या परतीच्या तिकिटाचं नाव नाही. सागरला पुण्याला फोन लावला तर तो म्हणतो, "बाबा, आई बरी आहे. तुमचं काय ते तुम्ही दोघं बघून घ्या." पोरगा तुझ्या पार्टीत गेला. जाऊ दे, आईच्याच पार्टीत जायचा.

गोकुळाष्टमीला जे झालं त्याबद्दल मी मान खाली घातलीच आहे. तू उपाशीपोटी कृष्णाच्या देवळातून चालत येतेस, हातात सुंठवड्याची पुडी, आणि रुवीच्या मागच्या गल्लीत काचेआड तुझा नवरा. पुढ्यात हा एवढा वाडगा, त्यात शेवया, पाला आणि रस्सा, तोंडात अख्खा गोळा. गिळता येईना, थुंकता येईना. तू आत आलीस, आधी वाडग्यात बघितलंस, मग माझ्याकडे. ती दुकानवाली यांती बिचारी, तुला गिऱ्हाईक समजून खुर्ची पुसायला लागली. "तुमका मरूचा आसा तर मरा, पण माझ्या डोळ्यांसमोर नको," म्हणालीस आणि निघालीस. तुझ्या जागी मी असतो तर मीही गेलो असतो. पण चार दिवसांनी परत आलो असतो गो!

डॉक्टरनं ब्लडप्रेशरपायी मीठ कमी करायला सांगितलं होतं, मान्य. बाक्सोत, त्या इंडोनेशियन गोळ्यांच्या सुपात, मीठ मुठीनं पडतं, वर काळा सॉस, तळलेला कांदा, चवीची पांढरी पूड, तेही मान्य. पण प्रेमा, छपरावर तापलेल्या एसींशी दिवसभर झगडून खाली उतरलं की भात-आमटी घशाखाली उतरत नाही. तो पातळ गरम रस्सा तेवढा उतरतो. आणि गोळे कोंबडीचेच असतात, पहिल्याच दिवशी विचारून घेतलं होतं. तुला ती शंका होती, मला माहीत आहे.

तर ठरवलंय. बाक्सो सोडणार नाही आणि तुलाही सोडणार नाही. घरी करणार, स्वतःच्या हातानं, पथ्याचा. चरबी नाही, तळण नाही, पूड नाही, मीठ तर नाहीच. तू यायचं, खायचं आणि मग काय तोंडाला येईल ते बोलायचं.

सोबत डबा पाठवतोय, आत केशराचा मस्कती हलवा. डबा तुझा लग्नातला, झाकणावर नाव कोरलेला. डबा इकडचा तिकडे राहिला की तुझ्या जिवाला घोर लागतो, म्हणून मुद्दाम तोच निवडला. हारूनभाईंची दुकानच्या काजूसाठी महिन्याला बांद्याला एक फेरी असते. रेडीला वाट वाकडी करून येतो म्हणाले, देवमाणूस. त्यांच्याच हाती डबा परत दे. रिकामा तेवढा देऊ नको.

जनार्दन


दार्सैत, ४ ऑक्टोबर
हारूनभाईंच्या हाती

प्रेमा,

रिकामा!

घासून, पुसून, झाकण घट्ट लावून, रिकामा! हातात घेतला तेव्हाच हलका लागला, तरी वेड्यासारखा कानाशी धरून हलवून बघितला. अगं, शेजारणीनं वाटीभर कालवण दिलं तरी तिचं भांडं चिमूटभर साखर टाकल्याशिवाय तू कधी परत केलं नाहीस. अख्ख्या बिल्डिंगला ती सवय तूच लावलीस. खालची तेलुगू बाईसुद्धा आता साखर टाकून वाटी देते. आणि नवऱ्याला रिकामा? त्यापेक्षा चार शिव्या लिहून टाकल्या असत्यास तरी चाललं असतं. निदान अक्षर तरी दिसलं असतं.

हारूनभाईंना खोदून खोदून विचारलं. "वहिनी काय म्हणाल्या?" "काय नाय. चाय दिली, तळलेले गरे दिले." "माझ्याबद्दल?" "विचारलं, बारीक झालेत काय. मी बोललो, इन्शाल्ला होतील." म्हणजे विचारलंस! तो एक प्रश्न मी आठवडाभर पुरवून पुरवून खाल्ला.

आता स्वयंपाकाची बातमी. पहिल्या वेळी कोंबडीचा खिमा केला आणि हाताला सवय ती सवय, त्यात कांदा-खोबऱ्याचं भाजलेलं वाटण घातलं. गोळे वळले आणि उकळत्या पाण्यात सोडले. पडले, फिरले आणि विरघळले. पाण्याला रंग आला, वर तवंग आला. म्हटलं, आता एवढं झालंच आहे तर दोन आमसुलं टाकू. झालं कोंबडीचं सार! मालवणी माणसाला कुठल्याही देशाचं जेवण द्या, तो त्याचं कालवण करून ठेवणार. यांतीला फोटो दाखवला. तिनं फोन जवळ नेला, लांब नेला आणि म्हणाली, "बाबा, ये बाक्सो नहीं, ये एक्सिडेंट है."

मग तिनं नीट सांगितलं. "खिमा बर्फ जैसा ठंडा. बर्तन ठंडा, हाथ भी ठंडा. गरम हुआ तो खलास." मी कपाळावर हात मारला. अर्धं आयुष्य लोकांची घरं थंड करण्यात घालवलं आणि माझ्याच मिक्सरमध्ये खिमा तापून फिसकटला! मग काय, यल्ला, लागा कामाला, तो तर माझा धंदा. मांसाची चरबी काढली, तुकडे फ्रीजरमध्ये, मिक्सरचं भांडं फ्रीजरमध्ये, वाटताना बर्फाचे खडे. बेडरूममधला एसी लावून सगळं तिथेच पलंगावर पेपर टाकून केलं. रागावू नको, चादर काढून ठेवली होती.

या वेळी गोळे टिकले, पण चावले की भुसभुशीत. त्यात एक पीठ लागतं म्हणे. यांतीनं पाकीट दाखवलं, त्यावर कंदाचं चित्र. बघून हसूच आलं. आपल्या साबुदाण्याचाच तो कंद! तू चतुर्थीला खिचडी करतेस तोच साबुदाणा दळला की झालं. आता सांग, उपासाचा साबुदाणा कोंबडीत चालेल का? देवाला विचारून कळव. तुझं त्याच्याशी तरी बोलणं चालू असेल.

मीठ पूर्ण बंद आहे. पेजेतसुद्धा नाही. लोणचं, पापड, सुका बांगडा, सगळं हारूनभाईंच्या दुकानातल्या माणसांना देऊन टाकलं. अक्षर जरा वाकडं आलंय, संध्याकाळी हात थकतात. बाकी मजेत.

डब्यात खजूर आहेत. आता तरी लाज राख.

जनार्दन


दार्सैत, १ नोव्हेंबर
हारूनभाईंच्या हाती

प्रेमा, प्रेमा, प्रेमा,

साबुदाणा! तोही दळलेला, वस्त्रगाळ केलेला, डबा शिगोशिग! चिठी नाही, चिटोरं नाही, पण मी तो डबा हुंगला. तुझ्या मिक्सरमध्ये त्याआधी मेतकूट दळलं होतंस, हो ना? वास मागे राहिलाय. दिवाळीचा फराळ खाली कुणी कुणी आणून दिला, पण माझी दिवाळी त्या पिठाची.

त्याच संध्याकाळी बसलो. थंडगार खिमा, लसूण, पांढरी मिरी, त्यात तुझं पीठ बेताचं. यांती म्हणते तसं मुठीत धरून अंगठ्याच्या वरच्या बाजूनं गोळा बाहेर काढायचा आणि चमच्यानं उचलायचा. पाणी उकळतं ठेवायचं नाही, नुसतं गरम. गोळे तळाशी गेले. मी गॅसपाशी उभा, हात जोडायचे बाकी. मग एक वर आला, मग दुसरा, मग सगळे! एक काढून ताटलीत टाकला तर टुण्णकन उडाला आणि फ्रीजखाली गेला. तू "चेंडू" म्हणायचीस ना, खरोखर चेंडू. आनंदानं एकटाच ओरडलो.

रस्सा आदल्या दिवशीच करून फ्रीजमध्ये ठेवला होता. वर चरबीची चकती जमली, ती सबंध उचलून फेकली. पालकासारखा दिसणारा तो चिनी हिरवा पाला आणला, कोबी घातला. आणि शेवया? दुकानच्या पिवळ्या नाही आणल्या. माळ्यावरून तुझा शिरवळ्यांचा साचा काढला. तांदळाची उकड काढली आणि दाबायला बसलो. गो, ते काम एकट्याचं नाही. साचा दाबावा तर ताट सरकतं, ताट धरावं तर साचा अडतो. तू ताट धरून बसायचीस, "दाबा, दाबा, जोर संपलो काय?" म्हणत. मला वाटायचं कष्ट सगळे माझेच आहेत. शिरवळ्या झाल्या कशाबशा, निम्म्या ओट्यावर.

दुसऱ्या दिवशी वाडगाभर यांतीला नेऊन दिला. तिनं गोळा चावला, डोळे मोठे केले, नवऱ्याला हाक मारली. मग सुपाचा घोट घेतला आणि थांबली. "बाबा, सब अच्छा. नमक किधर है?"

म्हटलं, "बीवी के साथ इंडिया गया."

ती हसली नाही. माझ्या कपाळाकडे बघत राहिली. छोटीशी पट्टी आहे तिथे. मदिनत सुलतान काबूसला एका व्हिलाच्या छपरावर शिडी आडवी आली, बाकी काही नाही. अर्बाबनं, आमच्या मालकानं, स्वतःहून सुट्टी दिली. हारूनभाई आले की तिखटमीठ लावून काहीबाही सांगतील, तू लक्ष देऊ नको.

डब्यात लोबान आहे, देवापुढे लाव. आणि त्याला सांग, हा माणूस सुधारला, आता बायकोला परत पाठव.

जनार्दन


दार्सैत, २३ नोव्हेंबर
हारूनभाईंच्या हाती

प्रेमा,

डबा हातात घेतला आणि खांदाच खाली गेला. एवढा जड! हारूनभाई काजूचं पोतं नीट करण्याचं नाटक करत होते. झाकण उघडलं तर आत मीठ. जाडं, करडं, शिरोड्याचं, मिठागराची ओल अजून धरून असलेलं.

मी त्याच पोत्यावर बसलो. "काय सांगितलंत तुम्ही तिला?"

"सगळं सांगितलं, जनार्दनभाऊ. झूठ बोलून त्यांच्या घरची चाय माझ्या घशाखाली जाईना. मारायचं तर मारा."

त्यांना काय मारणार? ते म्हणाले, तू ऐकता ऐकता पायरीवर बसलीस. मग उठलीस, लोबान देवापुढे ठेवलास, डबा पुसलास आणि चपला घालून सरळ त्यांच्या गाडीत जाऊन बसलीस. "शिरोड्याक चला." मिठागरावर स्वतःच्या ओंजळीनं डबा भरलास. येताना-जाताना पदर डोळ्यांना. हे ऐकलं आणि त्या पोत्यावर बसून मीही रडलो. हारूनभाईंनी दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं, गिऱ्हाइकांना दिसू नये म्हणून.

आता लपवून काय करू? शिडीबिडी काही आडवी आली नव्हती. मीच आडवा झालो. छपरावर एकदम डोळ्यांपुढे काळोख आला. जाग आली ती दवाखान्यात, हाताला सलाईन. मल्याळी डॉक्टरीणबाई समोर उभी.

"मीठ किती खाता?"

"अजिबात नाही."

"अजिबात? उन्हात काम, घामाच्या धारा, वर प्रेशरची गोळी, आणि मीठ अजिबात नाही? हे कुणी सांगितलं?"

"बायकोनं."

"बायको डॉक्टर आहे?"

"नाही. पण या वेळी तिचं ऐकायचं ठरवलं होतं."

बाईनं पेन खाली ठेवलं. म्हणाली, "कमी म्हणजे कमी, बंद नव्हे. जेवणात चिमूटभर तरी हवं. आणि त्या बायकोला बोलावून घ्या, मला तिच्याशी बोलायचंय." तेव्हा हे लक्षात घे, तुला मी बोलावत नाही, डॉक्टरनं बोलावलंय.

उगाच स्वतःला बोल लावत बसू नको. तू रागात बोललीस, मी हट्टाला पेटलो. वाटलं, जीभ अळणी झाली तर होऊ दे, पण तू आलीस की तुझ्यासमोर ताठ उभा राहीन. उभं राहणं राहिलं बाजूला! आता ठीक आहे. दवाखान्यातून दिलेली पुडी पाण्यात घालून पितो, जेवण सध्या खालची तेलुगू बाई देते, तिच्या डाळीत-भाजीत असतं तेवढं मीठ पोटात जातं. छपरावर आता हाताखालचे लोक चढतात, मी खालून ओरडतो. खोटं वाटत असेल तर हारूनभाईंना विचार. त्यांना खोटं बोलता येत नाही हे आता आपल्या दोघांनाही कळलंय.

काल परत बाक्सो केला. सगळा जमला. तुझा डबा ओट्यावर ठेवला, झाकण काढलं, चिमूट उचलली आणि हात तिथेच थांबला. चिमूटभर म्हणाली बाई, पण कुणाची चिमूट? माझी बोटं पाना धरून धरून जाड झालेली, माझ्या चिमटीत चमचाभर मावतं. तू बोलता बोलता, भांड्यात न बघता मीठ घालतेस आणि ते कधी चुकत नाही. ते माप माझ्याकडे नाही गो. इतकी वर्षं जेवलो तुझ्या हातचं, पण माप काही शिकलो नाही. मीठ परत डब्यात टाकलं, झाकण लावलं आणि वाडगा अळणीच खाल्ला.

मला तुझी फार आठवण येते. तोंडावर म्हणायला जमलं नसतं, म्हणून लिहून देतोय.

डबा या वेळी पाठवत नाही. रिकामा करवत नाही आणि भरलेला सोडवत नाही. ओट्यावर आहे, तुझं नाव वर करून. हवा असेल तर येऊन घेऊन जा.

तुझा,
जनार्दन


रेडी, २६ नोव्हेंबर
हारूनभाईंच्या फोनवरून

अहो,

चिठी लिवतंय, हारूनभाई तेचो फोटो काढून तुमका धाडतले. ते हय माझ्यासमोर चाय पितहत.

तुमची सगळी पत्रां उशाखाली आसत. पयलो डबो रिकामो धाडलंय, तेवा रात्रभर माका झोप नाय. साखरेचो एक दाणो तरी घालूक होयो होतो म्हणान कितीदा उठान बसलंय.

पण तुमका काय म्हणू? इतक्या वर्षांत माझा एक तरी ऐकलात? दमान जेवा म्हटलंय, ऐकलात नाय. उन्हात छपरार चढू नकात म्हटलंय, ऐकलात नाय. मीठ सोडा म्हटलंय तेवा माका वाटला, हेंका सांगान काय उपयोग, हे थोडेच ऐकतले! आणि नेमका ताच ऐकलात? रागान बोललेला खरा धरूचा नसता, इतका कळाक नाय तुमका? माझो जीव गेलेलो.

शुक्रवारी हारूनभाईंबरोबर येतंय. तिकीट झाला. विमानतळार येवा, पण टोपी घालून येवा. डॉक्टरणीक सांगा, बायको येता हा, काय बोलूचा ता बोल म्हणान. तांदळाचा पीठ घेवन येतंय. साचो धुवन ठेवा. तुम्ही दाबा, ताट मी धरतलंय.

गोळे करून ठेवा. डब्याक हात लावू नकात. मीठ मी येवन घालतलंय.

प्रेमा